बाबांची जीप आणि आईचा गुडघा

डिसेंबर २०२३ मध्ये आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन बेळगावात झालं. डिस्चार्जच्या दिवशी मी सवयीने जीपच घेऊन गेलो. वॉकर धरून आई जीपपाशी आली, एक हात काचेच्या फ्रेमवर ठेवला, डावा पाय पायरीवर टेकवला आणि तिथेच थांबली. उजव्या पायावर भार देता येईना, डाव्याने वर चढता येईना. दोनदा प्रयत्न करून ती म्हणाली, "नको रे, दुसरी गाडी बघ." हॉस्पिटलसमोरच्या स्टँडवरून टुरिस्ट गाडी केली. आई तिच्यात बसली आणि मी जीप घेऊन मागे. जांबोटीपर्यंत पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून आईचं डोकं दिसत होतं. गेली चाळीस वर्षं जी बाई या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, तिला परक्या गाडीतून घरी न्यावं लागलं. त्या रस्त्यातच माझं ठरलं की घरात आईला चढता येईल अशी गाडी पाहिजे. दोन गाड्या ठेवायची ऐपत नाही, जागाही नाही. म्हणजे जीप द्यावी लागणार.

जीप १९७१ सालची. महिंद्रा सीजे-३बी, उंच बॉनेटची. तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं, कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ पासूनचं, म्हणून तिचा नंबर एम.वाय. ने सुरू होतो. बाबांनी ती १९८४ मध्ये एका लाकूड कंत्राटदाराकडून घेतली. आमच्या भागात त्या काळात गाव तिथे एखादी जीप असायची आणि ती घराची कमी, गावाची जास्त असायची. खानापूर तालुक्यातल्या आमच्या कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एसटी कधी येईल, कधी नाही. बाळंतीण असो, साप चावलेला माणूस असो, बारावीच्या पेपरला खानापूरला जाणारी पोरं असोत, दार आमचंच वाजायचं. बहिणीची पाठवणीही याच जीपमधून झाली.

या जीपचं बॉनेट उंच का, हे बाबा कुणालाही कौतुकाने दाखवायचे. आतलं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, साधारण २२०० सीसीचं. त्यात पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. पुढे जायला तीनच गिअर, आणि मुख्य गिअरच्या बाजूला आणखी दोन छोटे लिव्हर, एक चारही चाकांना ताकद द्यायचा, दुसरा लो रेंजचा, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत नाही, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या, मागच्या ड्रमवर लागतो. नव्या पोराने गाडी चालतानाच तो ओढला तर गिअरपासून चाकापर्यंतचं सगळं हबकतं, म्हणून बाबा पहिला धडा त्याचाच द्यायचे.

लिटरला सात-आठ किलोमीटर. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या बहुतेक जीपगाड्यांत डिझेल इंजिन बसलं. मिस्त्री लोकांचा तो मोठा धंदाच होता, आणि ते करणाऱ्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही, पोट त्यावर होतं. बाबांनाही सगळ्यांनी सांगितलं. ते ऐकले नाहीत. "इंजिन बदललं की गाडी दुसरी झाली," एवढंच म्हणायचे. पैसे नसले की जीप कमी फिरवायची, पण इंजिन तेच. पार्ट मिळाला नाही की बेळगावला उद्यमबागेच्या कारखान्यांत जाऊन तसाच पार्ट लेथवर करून आणायचे. बॅटरी अशक्त असायची म्हणून जीप नेहमी उतारावर लावायचे. आमच्या अंगणाचा एक कोपरा त्यासाठीच उताराचा ठेवलाय. सकाळी हँडब्रेक सोडायचा, जीप घरंगळू लागली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. तेही नाही जमलं तर पुढून हँडल घालून फिरवायचं.

बाबा २०२२ मध्ये गेले. त्यांनी बदललं नाही ते इंजिनच पुढे आमच्या कामी आलं.

विकायचं म्हटल्यावर पहिल्यांदा स्क्रॅपवाला आला आणि चाळीस हजार म्हणाला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग आमच्या मिस्त्रींनी, जे बाबांच्या वेळेपासून जीप बघतात, मला बसवून सांगितलं की असं करू नका. मूळ पेट्रोल इंजिन, मूळ चेसिस आणि म्हैसूर राज्याचा नंबर अशी जीप शोधणारी माणसं आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केलेत. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि आधीपासून नोंद असलेली असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो. मात्र ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे ज्याला बाजारहाट करायचा नाही अशा माणसाच्याच ती कामाची. असे एक गृहस्थ मिस्त्रींच्या ओळखीत होते, निपाणीचे, तंबाखूच्या व्यापारातले. त्यांच्या घरी २०१९ ची एर्टिगा होती, पोरं पुण्याला गेल्यामुळे दारात उभी. मिस्त्री म्हणाले, "अदलाबदल करा की. वरचे पैसे काय ते बघू."

इथेच माझी पहिली अडचण उभी राहिली. जीप अजून बाबांच्या नावावर होती.

मालक वारला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करून घ्यायचं असतं. मी काहीच केलं नव्हतं. कागदावर बाबांचं नाव आहे तोवर ते आहेत असं काहीतरी मनात होतं, दुसरं कारण नाही. पण यात चूक माझी, आणि ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी ती करू नये. विमा बाबांच्या नावावर, आरसी बाबांच्या नावावर आणि गाडी मी चालवतोय, त्या दोन वर्षांत अपघात झाला असता तर काय उत्तर दिलं असतं?

वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती. बेळगावच्या ऑफिसबाहेर बसणाऱ्या टायपिस्टने कन्नडमध्ये मजकूर केला. नववीतली माझी मुलगी शाळेत कन्नड शिकते, तिने घरी आईला तो ओळीने वाचून, मराठीत सांगून समजावला. आईने अंगठा नको म्हणून तीनदा सराव करून सही केली. बहिणीची सही राहिली. ती चंदगडला असते. फोनवर मी तिला फक्त "सही पाहिजे" एवढंच सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आली, घरात न जाता आधी जीपपाशी गेली, मागच्या बाकावर बसली आणि बराच वेळ बसून राहिली. मी जवळ गेलो तेव्हा बाकाखालच्या पत्र्यावर हात फिरवत होती. तिथे तिने लहानपणी खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं, रंगाचे तीन थर बसले तरी हाताला लागतं. म्हणाली, "आईला बसता येत नसंल तर ठेवून काय करायचं. दे. पण रंग खरवडू नको म्हणावं त्यांना." मग घरात येऊन सही केली.

उशिराचा दंड भरला. एवढी जुनी गाडी ऑनलाइन दिसत नव्हती, त्यामुळे आधी जुन्या रजिस्टरवरून तिची नोंद संगणकावर चढवावी लागली. त्यात सात आठवडे गेले. एक गोष्ट मात्र बाबा करून गेले होते. २०२१ मध्ये त्यांनी पाच वर्षांची फेरनोंदणी ६०० रुपयांत केली होती. एप्रिल २०२२ पासून तेच ५,००० झालं. जीप एप्रिल २०२४ मध्ये माझ्या नावावर आली आणि पुढची बोलणी करायला मी मोकळा झालो.

दरम्यान निपाणीच्या गाडीवर सगळं अवलंबून राहू नये म्हणून इतर गाड्याही बघत होतो. आमच्या भागात सगळ्यांना कोल्हापूरच्या गाडीचा मोह होतो, कारण दिसायला किंमत कमी. त्याचं गणित असं. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के, वर सेस. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. म्हणून तिकडची गाडी स्वस्त. पण ती इकडे कायमची आणली तर तिकडच्या आरटीओची एनओसी काढायची, इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा, बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यायचा. तिकडे भरलेला कर परत मिळवायला वेगळे हेलपाटे. सगळं धरलं तर फरक उरत नाही. एमएच-०९ हा कोल्हापूरचा नंबर लावून वर्षानुवर्षं फिरणारे आहेत, पण आईला दवाखान्यात नेताना नाक्यावर कागद काढून उभं राहायची माझी इच्छा नव्हती.

आणि कोल्हापूरकडची गाडी बघताना दुसरी एक काळजी घ्यावी लागते, ती पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. त्यातल्या कितीतरी धुऊन पुसून विकायला आल्या. एका जुन्या गाड्यांच्या यार्डात मला एक सुंदर पांढरी गाडी दाखवली. आत अत्तराचा वास, नवे सीट कव्हर. मिस्त्री काही न बोलता मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट हळूहळू ओढत राहिले, अगदी शेवटपर्यंत. बेल्ट संपत आला तिथे, जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे, पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, हाताने चोळली तर बारीक माती पडली. मग त्यांनी सीटच्या रुळावर बोट फिरवून दाखवलं. तीन-चार वर्षांच्या गाडीच्या रुळावर असा गंज चढत नाही. विकणारा म्हणाला पावसात काच उघडी राहिली होती. आम्ही चहा घेऊन निघालो. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, बाकी काही कळत नसेल तर निदान सगळे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा.

मे महिन्यात एका रविवारी पहाटे आम्ही जीपने निपाणीला निघालो. मुद्दाम लवकर, कारण एर्टिगाचं इंजिन गार असताना चालू करून बघायचं होतं. आधी कुणी चालू करून गरम ठेवली की बरेच दोष लपतात. बेळगाव सोडल्यावर यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर. बाजूने कंटेनर भरधाव जात होते आणि आमची जीप पंचावन्नच्या वर न्यायची नाही असं ठरलेलं. तवंदी घाटात तिने दुसऱ्या गिअरमध्ये एकसुरी आवाज धरला आणि एकदाही दमली नाही. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

एर्टिगा चांगली निघाली. १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन, ४८ हजार किलोमीटर, सगळी सर्व्हिसिंग कंपनीत, त्याची नोंद त्यांनी आधीच काढून ठेवली होती. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याची खूण नाही, दारांचं बीडिंग काढून बघितलं तर कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके जसेच्या तसे, म्हणजे अपघातानंतर पत्रा बदललेला नाही. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. त्यावरून पुढचे दोन टायर २०१९ चेच, म्हणजे बदलायला आलेले. ते त्यांनी मान्य केलं. आणि जे मला बघायचं होतं ते मी आईची वॉकर बरोबर नेऊन बघितलं. दार उघडून वॉकर लावली आणि आईसारखा, उजवा पाय ताठ ठेवून बसलो. सीट कमरेच्या उंचीवर येते. चढायचं नाही, उतरायचं नाही, मागे टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. तिसऱ्या रांगेत पोरं. सगळ्यांना बेल्ट. जीपमध्ये मागच्या बाकावर पावसात माझा धाकटा घसरून टेलगेटला आपटला होता, ती खोक त्याच्या भुवईवर अजून आहे.

मग त्यांनी जीप बघितली. माणूस जाणकार. चेसिसचा नंबर कागदाशी ताडला, इंजिन ब्लॉकवरचा नंबर ब्रशने पुसून वाचला. खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं, त्याला कापड गुंडाळलेलं, आणि ते पत्र्यावरून फिरवत गेले. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली. मी म्हटलं, थांबा, मीच सांगतो. डाव्या मागच्या मडगार्डला बोटभर लांबी आहे, १९९८ मध्ये झाड पडलं होतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बदललाय. स्टिअरिंगला प्ले आहे, म्हणजे थोडं सैल फिरतं, पुढच्या चाकांचे किंगपिन झिजलेत. पहिल्या गिअरला पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका, ओरडतो. मागच्या ऑइल सीलमधून तेल येतं, थांबेल असं वाटत नाही. मिस्त्रींनी मला डोळ्याने खुणावलं, पण बाबांच्या गाडीबद्दल खोटं बोलायला माझी जीभ उचलली नसती. ते गृहस्थ शांतपणे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "दोष माहीत असलेली गाडी घ्यायला मला भीती वाटत नाही."

भाव ठरवताना मिस्त्रींनी एक आग्रह धरला आणि तो फार उपयोगी पडला. अदलाबदल म्हणून एकच फरकाची रक्कम ठरवायची नाही. दोन्ही गाड्यांची किंमत वेगवेगळी ठरवायची, दोन वेगळे कागद करायचे. जीप साडेचार लाख, एर्टिगा सव्वासात. वरचे पावणेतीन लाख मी द्यायचे, बँकेतूनच. वेगळे कागद का, ते पुढे पंधरा दिवसांत कळलं. एर्टिगाच्या आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव अजून होतं. कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलेलं, पण बँकेकडून फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन ते नाव उतरवायचं राहून गेलेलं. ते गृहस्थ बँकेत गेले तर फाइल दुसऱ्या शाखेत, तिथे गेले तर साहेब रजेवर, शेवटी कागद मिळाला त्यावर चेसिस नंबरातला एक आकडा चुकलेला. पुन्हा नवा कागद. पाच आठवडे. एकच व्यवहार केला असता तर दोन्ही गाड्या अडकल्या असत्या, किंवा माझी जीप जाऊन मी हात हलवत बसलो असतो. कागद वेगळे होते म्हणून दोन्ही गाड्या आपापल्या दारात राहिल्या आणि आमच्यात एकही वाकडा शब्द झाला नाही.

बाकीचं सरळ झालं. नाव बदलायला प्रत्येक गाडीला फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०. एर्टिगा केए-२३ ची, राज्य तेच, त्यामुळे नंबर तोच राहिला, कर नाही. विम्याचं मात्र लगेच करा, १४ दिवसांत नाव बदलायला अर्ज द्यावा लागतो, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची विम्यातली सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः एर्टिगा घेऊन आले आणि जीप चालवत घेऊन गेले. पाऊस होता. आईने एर्टिगाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग तेच तबक घेऊन छत्रीतून जीपकडे गेली, तिलाही लावलं. जीप उतारावरच उभी होती. स्टार्टर असूनही मी हँडब्रेक सोडला, घरंगळली, दुसऱ्या गिअरमध्ये सुरू करून त्यांच्या हातात दिली. मलप्रभेच्या पुलापर्यंत आवाज येत होता.

गणपतीच्या आधी खोली झाडताना दाराच्या मागे जीपचं हँडल सापडलं. द्यायचं राहिलं होतं. पकडायच्या ठिकाणी बाबांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, घट्ट, ओळीने. ठेवून घ्यावंसं वाटलं, एक दिवस ठेवलंही. मग वाटलं, ते जीपचं आहे.

त्या रविवारी सगळे निघालो. आई पुढे, बहिणीला वाटेत बेळगावातून घेतलं, पोरं मागे. बाहेर धो धो पाऊस आणि आत कुणाच्या अंगावर थेंब नाही, तरी धाकटा सवयीने बाजूच्या काचेला हात लावून बघत होता. निपाणीत जीप त्यांच्या नव्या शेडमध्ये होती. फरशी गुळगुळीत, सपाट. रंग त्यांनी खरवडला नव्हता. बहिणीने आधी बाकाखाली हात घालून बघितलं. मी हँडल दिलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

आई वॉकरवर टेकून शेडभर बघत होती. मग त्यांना म्हणाली, "एवढं एक करा. गाडी उताराला लावत जावा."

त्यांनी फरशीकडे बघितलं, मग बाहेरच्या अंगणाकडे. "होय की आई," म्हणाले, "तिकडं फाटकाजवळ आहे थोडा उतार."

आणि चावी आणायला आत गेले.